उजवी बाजू वर

अमेरिकेत, रेडमंडला पाऊस सुरू झाला. सुरू झाला म्हणायचं आपलं. इथला पाऊस पडत नाही, नुसता असतो. सकाळी पडदा सारला की ती ख्रिसमसची उंच झाडं ठिबकत उभी, छपरावर शेवाळ, आणि रस्त्यानं लोक छत्रीबित्री न घेता जाकिटाची टोपी ओढून चाललेले. साडेचारला घरात दिवे लावावे लागतात. आता मार्चपर्यंत हे असंच.

हा ओला मोसम आला की माझे हात कापड शोधायला लागतात. बसल्या जागी सोफ्यावरची शाल दुमडतो, उलगडतो, परत दुमडतो. परवा मनीषानं पाहिलं. मनीषा म्हणजे माझी सून. म्हणाली, "आबा, हात शिवशिवतायत वाटतं. मंडळाच्या अंकासाठी लिहा ना काहीतरी, त्या किमोनोच्या क्लासबद्दल. सगळे विचारतात मला."

मी म्हटलं, "चौथीतनं शाळा सुटलेला माणूस मी. काय लिहू?"

"बोलता तसं लिहा. शिव्या तेवढ्या गाळा."

म्हणून लिहायला बसलोय. पण खरं कारण ते नव्हे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या मोसमातली एक गोष्ट मनीषाला सांगायची राहिली आहे. ती तिला ठाऊक नाही, म्हणून पोरगी उगाच स्वतःला खात बसते. तोंडानं सांगायला गेलो की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. कागदावर जमतं का बघू.

सांगलीत साड्यांच्या दुकानात मी अडतीस वर्षं गादीवर होतो. समोर गिऱ्हाईक बाई, बरोबर तिची सासू, नणंद, शेजारीण. मी घडी फटकन उलगडायचो, एक टोक कमरेला खोचायचो, बोटांवर सरसर निऱ्या घ्यायचो, पदर उजव्या बगलेखालून काढून डाव्या खांद्यावर टाकायचो आणि उभा राहायचो. मिशीवाला माणूस, खाली पायजमा, वर शालू. कुणी हसायचं नाही. मीच म्हणायचो, "आमच्यासारख्या रेड्यावर एवढी खुलतीय, वहिनींवर काय खुलेल!" मग मात्र हसायच्या, आणि साडी बांधायला जायची. सुताचा नंबर मला नुसत्या अंगठ्याला कळायचा. डोळे मिटून सांगायचो, ही इरकल, ही इचलकरंजीची, ही सुरतेची खोटी.

आमच्या हिला मी दुकानातून साडी आणली की कॉटवर टाकायचो. ती नेसून समोर आली की म्हणायचो, "बरी आहे." बाकी जगाला एवढं बोलायचो, घरी यायच्या वेळेपर्यंत शब्द संपायचे.

आम्ही इथं विजूकडे, म्हणजे मुलाकडे राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी तिला झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, डावा हात तेवढा राहिला. खांद्याच्या वर जाईना, बोटं मिटेनात. एका हातानं दात घासता येतात, भाकरी मोडता येते, देवाला फूल वाहता येतं. एका हातानं निऱ्या घेता येत नाहीत. मनीषानं तिला गाऊन आणून दिले. पुढून बटणांचे, फिक्या फुलांचे. जन्मभर साडीत राहिलेली बाई गाऊनमध्ये अशी दिसायची, जशी दवाखान्यात आहे आणि कुणीतरी भेटायला येणार आहे. घरी पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जायची. "झोपल्यात," असं आम्ही सांगायचो.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू विजूच्या मित्राकडे होतं. मनीषा ऑफिसातून परस्पर जाणार होती, विजू आम्हाला सोडणार होता. ही कपाटातून नारायणपेठ काढून, मांडीवर घेऊन कॉटवर बसली. मी आठवड्याचा शिळा मराठी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "अहो, जरा नेसवता का मला? अख्ख्या सांगलीला नेसून दाखवलीत."

मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "मी रिटायर झालोय."

ती हसली. खरंच हसली, विनोद बरा होता. मग एका हातानं साडीची घडी परत घालायला लागली. टोकाला टोक जुळेना. ते बघवेना म्हणून मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो.

हळदीकुंकवाला ती गेली नाही. मला परत कधी विचारलंही नाही. फोनवर बहिणीला सांगायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "इथं गाऊनच बरा बाई, सुटसुटीत." कॉलिंग कार्डाची मिनिटं नेमकी तिथं संपायची आणि फोन तुटायचा. ती रिसीव्हर धरून अजून थोडं बोलायची.

लाज कसली वाटली मला? पुष्कळ विचार केला. दुकानात नेसणं हा धंदा होता, तेही स्वतःच्या अंगावर. घरात, मुलगा शेजारच्या खोलीत असताना दार लोटून बायकोला साडी नेसवायची, म्हणजे दिवसाउजेडी तिला हात लावायचा. ते आमच्यात नव्हतं. नव्हतं म्हणजे मी येऊ दिलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, पण तिची पाठ कशी होती विचारलंत तर मला सांगता येणार नाही.

ऑक्टोबरात ती गेली. न्यूमोनिया. चार दिवसांत.

मी खिडकीशी बसून राहिलो. इथल्या पावसाला आवाज नसतो, त्यामुळे माणसाला आपलंच डोकं ऐकू येतं. महिनाभरानं मनीषा एक दिवस गाडीची किल्ली घेऊन समोर उभी राहिली. "आबा, उठा. घरात बसून बुरशी धराल. सीनियर सेंटरला सोडते."

"तिथं काय करू? पत्ते?"

"काहीही करा. इथं मला तुमची पाठ बघवत नाही."

सीनियर सेंटरच्या पहिल्या खोलीत म्हातारे खुर्चीवर बसून व्यायाम करत होते, हात वर, हात खाली. दुसरीत बिंगो. तिसरीत मी थबकलो, कारण तिथं टेबलावर रेशीम पसरलं होतं. एवढ्या मैलांवर, एवढ्या ओल्यात, रेशीम. मी सरळ आत गेलो आणि अंगठा लावला. हातमागाचं होतं. दोन्ही काठ पक्के, पाठीमागं धागे सोडलेले नाहीत. मी मान हलवली तशी खुर्चीतली जपानी म्हातारी उठली आणि कमरेत वाकली. ही साचिकोबाई, तिथं किमोनो नेसवायला शिकवायची. वय माझ्याएवढं, केस पांढरे, उंची माझ्या छातीला. तिचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

किमोनोवर, म्हणजे जपान्यांच्या पुढून उघड्या पायघोळ झग्यावर, कमरेला गुंडाळायचा पट्टा असतो, त्याला ओबी म्हणतात. चांगला चारेक मीटर लांब, वीतभर रुंद. दोन वेढे घ्यायचे आणि पाठीवर गाठ बांधायची. गाठ म्हणजे आपली नाडीची गाठ नव्हे. तिचे प्रकार. एक चौकोनी ढोलासारखी, तिच्या आत एक बारकी उशी सरकवायची म्हणजे ती बसत नाही. एक दोन पंखांची, पोरीबाळींना. आणि एक फुगलेली चिमणी, थंडीत पिसं फुलवून बसते तशी. ही सगळी कारागिरी पाठीवर. नेसणारीला ती दिसतच नाही. म्हाताऱ्या बायकांना हात मागे नेता येत नाहीत, मग दुसऱ्या कुणीतरी बांधायची. हे साचिकोबाईनं हातवारे करून सांगितलं तेव्हा मी तोंड फिरवून पावसाकडे बघत राहिलो.

क्लासात चार बायका आणि मी. लाकडी पायावर एक कापडी पुतळा होता, त्याला डोकं नव्हतं. आळीपाळीनं त्यावर बांधायचं. मंगळवार आणि शुक्रवार. घरी सरावाला तिनं मला एक जुनी ओबी दिली, करड्या रंगाची, आतल्या बाजूला चहाचा डाग पडलेली. मी ती डायनिंगच्या खुर्चीच्या पाठीला बांधायचो. गुंडाळ, ओढ, दुमड, उशी सरकव, दोरीनं आवळ. सोड. परत बांध. पट्टा आवळताना रेशीम करकर वाजतं, कोरडा आवाज. सगळा परिसर ओला असताना तेवढा एक कोरडा आवाज घरात असायचा.

विजूला ते पसंत नव्हतं. "आबा, अहो, लेडीज क्लास आहे तो. माझ्या टीममधल्या एकाची आई तिथं जाते. तो मला विचारतो, यार, तुझे फादर किमोनो शिकतायत?"

"मग काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, ही इज इन टेक्स्टाइल्स."

मनीषा खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. मीही हसलो. आणि मग घरात एकदम असं झालं, की आणखी कुणीतरी हसायचं राहिलंय.

ढोल मला दुसऱ्याच आठवड्यात जमला. चिमणी नाताळाच्या सुट्टीआधी. साचिकोबाई माझ्या गाठीभोवती फिरून बघायची, एखादी कड नखानं सरळ करायची आणि म्हणायची, "गुड हँड्स." अडतीस वर्षांत मालकानं म्हटलं नव्हतं. मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच वाईट वाटायचं. हे गुड हँड्स तेव्हा पेपर धरून बसले होते.

जानेवारीत तिनं मला पुतळ्याला अख्खा किमोनोच नेसवायला सांगितलं. आतला, बाहेरचा, मग ओबी. मी पुतळ्याच्या मागे उभा राहिलो, त्याच्या बगलांमधून हात पुढे घातले, म्हणजे जसं काही मीच नेसतोय. माझे हात गादीवरच्या सवयीनं चालले. साडीचा पदर उजवीकडून येतो आणि डावीकडे जातो. तशी मी किमोनोची डावी बाजू आत घेतली, उजवी तिच्यावर ओढली, चापून बसवली आणि ओबीला हात घातला.

साचिकोबाईनं माझं मनगट धरलं. तिनं कधी कुणाला हात लावला नव्हता. "नो. नो. लेफ्ट ऑन टॉप. ऑल्वेज लेफ्ट."

मी म्हटलं, "सॉरी. व्हॉट प्रॉब्लेम?"

तिनं शब्द शोधले. "राइट ऑन टॉप, डेड पीपल."

जिवंत माणसाची डावी बाजू वर. मेलेल्याची उजवी. दोरीची गाठही तशीच. जिवंत माणसाच्या गाठीची टोकं आडवी, बाजूला पडलेली हवीत. उभी राहिली तर ती मेलेल्याची. तिनं पटापटा सगळं सोडलं आणि पुतळ्याचे खांदे दोनदा झटकले.

त्या दिवशी विजूच्या गाडीतून घरी आलो. काच पुसणाऱ्या पट्ट्या इकडून तिकडे चाललेल्या. माझ्या डोक्यात एकच. या लोकांत मेलेल्या माणसालाही नेसवायची रीत आहे. कुठली बाजू वर, कुठली गाठ उभी, हे ठरलेलं आहे. म्हणजे कुणीतरी जवळ बसून ते नीट करतं. आपल्यातही सवाष्ण गेली की हिरवी साडी नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. गावाकडे चार जाणत्या बायका येतात, कुणाला सांगावं लागत नाही. इथं फ्युनरल होमला मनीषा होती आणि मंडळातल्या दोन काकू. पुरुषांनी बाहेर थांबायचं असतं. मी बाहेर थांबलो. तिथल्या लांबोळक्या पॅसेजमध्ये खिडकी होती, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा, आणि पाऊस. अर्ध्या तासानं दार उघडून मनीषा आली आणि म्हणाली, "आबा, या. छान नेसवलीय. आई छान दिसतायत."

मी आत गेलो. पेटीचं अर्धं झाकण बंद होतं. चेहरा, मळवट, हिरवा पदर. मला एका नजरेत कळलं. साडी नेसलेल्या बाईच्या कमरेशी निऱ्यांचा फुगवटा येतो, तो झाकणाच्या कडेपाशी दिसायला हवा होता. तिथं सपाट होतं.

पुढच्या शुक्रवारी सगळ्या गेल्यावर मी साचिकोबाईला म्हटलं, "टीच मी. डेड पीपल."

"नो."

"प्लीज."

"व्हाय?"

का ते सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं. मराठी तरी कुठं येत होतं? मी म्हटलं, "माय वाइफ." तिनं मान हलवली, हळू, पण नाहीच म्हणून. "नॉट प्रॅक्टिस," ती म्हणाली. "दॅट, ओन्ली वन टाइम." आणि पुतळा कोपऱ्यात ढकलून तिनं दिवा घालवला.

ती बरोबर बोलली होती. पण मी ऐकलं नाही.

फेब्रुवारीतला एक दिवस. घरात मी एकटा. कपाटात हिचा एक गाऊन राहिला होता, तो काढून मी डायनिंगच्या खुर्चीच्या पाठीवर चढवला. पुढची बटणं काढली. डावी बाजू आत, उजवी वर. त्यावर करडी ओबी. साचिकोबाईनं शिकवलं नव्हतं, पण असं करू नको म्हणून जे जे सांगितलं होतं, ते सगळं एकत्र केलं की झालंच. दोन वेढे घेतले. शेवटी दोरी आवळली आणि टोकं वर-खाली उभी ठेवली. झाल्यावर मी मागे सरून बघितलं. वाईट दिसत होतं. खुर्चीला गाऊन घातलेला आणि पट्टा आवळलेला, एवढंच. कुठलीही रीत नव्हती ती. ना त्यांची, ना आपली.

गराजचं दार वाजलं. सहा वाजले होते, बाहेर काळोख झाला होता. मनीषा ओल्या कोटासकट आत आली आणि दारातच थांबली.

"आबा, हे काय?"

"नेसवतोय तिला."

"आता?"

एवढंच म्हणाली. एका शब्दात तिनं मला उभा चिरला. हळदीकुंकवाच्या दिवशी ही का आली नाही, ते तिला ठाऊक होतं तर. मी खुर्चीच्या मागे तसाच उभा राहिलो. मग ती समोरच्या खुर्चीत बसली, कोटाचं पाणी खाली टपकत होतं, आणि बोलायला लागली.

"आबा, आईंना आम्ही नेसवली नव्हती. जमलंच नाही. अंग ताठ झालेलं, तिघींना उचलवेना. तिथला माणूस घड्याळ बघत होता. शेवटी साडी अंगावर पसरली, कडा खाली खोचल्या, पदर तेवढा पिनांनी बसवला. आणि तुम्हाला सांगितलं, छान नेसवली म्हणून."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"निऱ्या नव्हत्या. तेव्हाच बघितलं."

"मग चार महिने बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

तेव्हा ती रडली. म्हणाली, "मी एकदा बाहेर आले होते, आबा, तुम्हाला बोलवायला. मधेच. काकू नको म्हणत होत्या, तरी आले. म्हटलं आबांनी आयुष्यभर हेच काम केलंय, ते करतील. दार उघडलं तर तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे. पाठमोरे. मला हाक मारायचा धीरच झाला नाही. वाटलं, या माणसाला आत्ता हे कसं सांगू? दार लावून परत गेले. हाक मारायला हवी होती. मारली असती तर आई नीट नेसून गेल्या असत्या."

मी तिला पाणी आणून दिलं. गाऊनची बटणं लावली. विजू आला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आम्ही जेवलो.

पुढच्या महिन्यात साचिकोबाई लेकीकडे कॅलिफोर्नियाला राहायला गेली आणि क्लास बंद झाला. शेवटच्या दिवशी तिनं पुतळ्याच्या ऐवजी स्वतःची पाठ माझ्यापुढे केली आणि मी तिला ढोल बांधला. पन्नास-साठ वर्षं स्वतःची गाठ स्वतः बांधलेली बाई, शांत उभी राहिली. बाईमाणसाच्या पाठीवर मी बांधलेली ती पहिली आणि शेवटची गाठ. परक्या बाईच्या. हे लिहिताना हात जड झाला, पण खरं आहे ते लिहायचं.

आता मनीषाचं. वर्षश्राद्धाला ती म्हणाली, "हाक मारायला हवी होती." गेल्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा, भाजी चिरता चिरता, परत म्हणाली. परवाही, शालीला हात लावून माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या ओठांवर तेच होतं, मला कळतं. दर वर्षी हा ओला मोसम आला की पोरगी त्या दारात जाऊन उभी राहते. आणि मी तिला तिथं उभी राहू देतो. तीन वर्षं.

मनीषा, हे हस्ताक्षर तुलाच लावावं लागणार आहे, कॉम्प्युटरवर चढवायचं कामही तुझंच आहे. तेव्हा इथं जरा थांब आणि नीट वाच.

दार उघडल्याचं मला ऐकू आलं होतं. तुझ्या बांगड्यांवरून तू आहेस हेही कळलं होतं. तू का आली आहेस तेही मला कळलं होतं, दुसरं कारणच काय असणार? मी मुद्दाम वळलो नाही. खिडकीची चौकट घट्ट धरून, समोरच्या एका गाडीचा नंबर वाचत राहिलो, दार परत लागेपर्यंत. तू हाक मारली असतीस तरी मी आत आलो नसतो.

छापायचं की नाही ते तू ठरव. पण हाकेचं यापुढे बोलू नकोस.